फुलामुलांचे कवी नारायण वामन टिळक

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रविवारच्या भक्तीस जी मराठी गीते गाइली जातात, त्यांपैकी शंभराहून अधिक गीते एकाच पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली आहेत. ती गाणाऱ्या पुष्कळांस त्या पुरुषाचे नाव ठाऊक असते. परंतु तो कोण होता, कोठून आला आणि ह्या गीतांसाठी त्याने व त्याच्या घरच्यांनी काय किंमत मोजली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. नारायण वामन टिळक ह्यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. आम्हां नागपूर जिल्ह्यातील लोकांस तर त्यांचे चरित्र जाणून घेण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या वाटेवर त्यांच्या आयुष्यास वळण लागले, ती वाट आपल्या नागपुराहूनच निघाली होती. यास्तव उमरेड, कुही, भिवापूर ह्या भागातील उपदेशक बंधूंसाठी व मंडळीच्या सभासदांसाठी हे चरित्र आम्ही थोडक्यात सांगत आहो.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव हे सरकारी नोंदणी खात्यात कारकून होते. त्यांचा स्वभाव करडा असून काव्यासारख्या गोष्टींविषयी त्यांस प्रेम नव्हते. आई जानकीबाई मात्र प्रेमळ, देवभक्त व गोड गळ्याची होती. जुन्या संतांची पदे व अभंग ती मुलांस ऐकवी, आणि नारायणाच्या मनात कवितेचे बीज पडले ते तिच्याच मांडीवर. तो अकरा-बारा वर्षांचा असताना ही आई वारली. आईवाचून त्यास घर घरासारखे वाटेना. तो घर सोडून नाशिकास आला व परक्यांच्या दारी विद्या मागू लागला.

नाशिकास त्यास एक थोर गुरू लाभला. वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. पुढे काही काळ इंग्रजी शाळेतही तो शिकला; परंतु भावंडांचा भार अंगावर पडल्यामुळे शाळा सुटली. शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. संस्कृत श्लोक रचणे, शीघ्रकवित्व करणे, पुराण सांगणे व व्याख्यान देणे ह्या गोष्टींत ह्या तरुणाची ख्याती होऊ लागली.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या घरची मनकर्णिका ही मुलगी, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. ह्याच पुढे महाराष्ट्रास परिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. ह्या चरित्रात त्यांचे स्थान पतीच्या मागे नव्हे, बरोबरीने आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

लग्नानंतरची पंधरा वर्षे म्हणजे एक अखंड भटकंती होती. टिळकांनी कोठे शाळेत शिकविले, कोठे छापखान्यात काम केले, कोठे कीर्तन-पुराणांवर पोट भरले. नोकरी मिळावी आणि सुटावी, बिऱ्हाड मांडावे आणि मोडावे, असा क्रम चालला. टिळकांचा स्वभाव उदार, तितकाच तापट. हाती आलेला पैसा दारी आलेल्या गरजवंतास देऊन टाकावा व घरी चूल पेटण्याची पंचाईत पडावी, असे कितीदा तरी घडले. मन उडाले की न सांगता घरातून निघून जावे, हाही त्यांचा परिपाठ होता. लहान वयाच्या पत्नीने वाट पाहावी, माहेरी जावे, पुन्हा बोलावणे आले की पुन्हा संसार मांडावा. थोर माणसांची चरित्रे लिहिताना अशा गोष्टी झाकण्याची चाल आहे. परंतु खुद्द लक्ष्मीबाईंनी त्या झाकल्या नाहीत, तर आम्ही का झाकाव्या? त्यांनी त्या हसतखेळत सांगितल्या व पतीवरील प्रेमही उणे होऊ दिले नाही.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. तेथील धनिक व विद्याप्रेमी गृहस्थ अप्पासाहेब बुटी ह्यांनी त्यांस आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचे संशोधन व संपादन हे काम त्यांच्याकडे आले, आणि ऋषि नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. पोटाची चिंता काही काळ मिटली, परंतु मनाची मिटली नाही. टिळकांस आपला देश जिवापलीकडे प्रिय होता. ह्या देशाची अवनती का झाली, माणूस माणसास अस्पृश्य का मानतो, ज्ञान मूठभरांच्याच घरी कोंडून का राहते, हे प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईनात. जातिभेद नाही, मूर्तिपूजा नाही, सर्व भारतीयांस एक कुटुंब करील, असा एखादा नवा धर्मपंथ निघाला पाहिजे, असे त्यांस वाटू लागले. तसा पंथ आपणच काढावा, येथपर्यंत त्यांच्या मनाची धाव गेली होती.

अशा मनःस्थितीत १८९३ साली त्यांस राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. नागपुराहून पूर्वेस भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड ह्या स्थानकांवरून जाणारी आगगाडी राजनांदगावास जाते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या त्या गाडीत टिळक बसले. डब्यात एक गोरा मनुष्य होता. गोरा साहेब म्हटला की तो दुसऱ्यास जागा देणार नाही, असा त्या काळचा अनुभव. परंतु ह्या गृहस्थाने नम्रपणे जागा दिली व संभाषण सुरू केले. आधी संस्कृत कवींविषयी बोलणे निघाले, मग धर्माविषयी. टिळकांनी येशू ख्रिस्ताविषयी आपले मत मोकळेपणाने सांगितले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराचे एक पुस्तक त्यांच्या हाती दिले, ते वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हे ऐकून टिळकांस नवल वाटले आणि थोडे हसूही आले असेल. तो गृहस्थ कोण, हे टिळकांस त्या वेळी कळले नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच, ही गोष्ट पुष्कळ वर्षांनी उघड झाली.

येथे उपदेशक बंधूंनी क्षणभर थांबावे. वॉर्डसाहेबांनी त्या प्रवासात वाद घातला नाही, कोणाच्या देवाची निंदा केली नाही. त्यांनी आधी जागा दिली, मग कान दिला, आणि शेवटी पुस्तक दिले. एवढेच त्यांचे काम झाले व ते आपल्या वाटेने गेले. पेरलेले बी उगवले की नाही हे पाहण्यास ते थांबले नाहीत.

राजनांदगावास टिळकांनी वचन पाळण्यासाठी पुस्तक उघडले. प्रथम त्यांचे मन त्यात रमेना. तरी एकदा हाती घेतलेला ग्रंथ खुणा करीत वाचावयाचा ही त्यांची शिस्त होती. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवर प्रीती, अंतःकरणाची शुद्धी, देवाचे पितृत्व ह्यांविषयीचे जे बोल त्यांस तेथे आढळले, त्यांत आपल्या अनेक दिवसांच्या प्रश्नांची उत्तरे आहेत असे त्यांस वाटले. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती धर्मावरील ग्रंथ मिळवून वाचले. आपले नाव न कळविता ख्रिस्ती पत्राशी पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, उत्तरे ताडून पाहिली. बुद्धीची खात्री पटली तरी पाऊल उचलवेना. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांस दिसत होते. नोकरी जाईल, जात जाईल, भावंडे तुटतील. आणि लक्ष्मीबाईंचे काय?

अखेरीस १८९५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १० तारखेस मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता, त्या मंडळीचे हिंदी पाळक रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्यांच्या हातून घेतला. ह्यात त्यांचा एक हेतू होता. आपण धर्म बदलला तरी देश बदलला नाही, हे त्यांस पहिल्याच दिवशी जगास दाखवावयाचे होते. वॉर्डसाहेबांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत अजून भरली नव्हती.

आता ह्या चरित्रातील सर्वांत दुःखाचा भाग येतो. आपल्या मंडळ्यांत पहिल्या पिढीचे विश्वासी आहेत. त्यांस हा भाग समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. लहानग्या दत्तूस घेऊन त्या आपल्या नातलगांकडे होत्या. बातमी आली आणि त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असून पत्नीस विधवेचे दुःख भोगावे लागले. जेवण सुटले, झोप उडाली, वेड लागते की काय अशी अवस्था झाली. नातलगांनी त्यांस सांभाळले, ही त्यांच्या पदरची मोठी माणुसकी होय. सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या ह्या बाईस पतीच्या नव्या धर्मातले काहीच समजत नव्हते. तिला एवढेच समजले की आपले घर मोडले.

चार वर्षांहून अधिक काळ ही ताटातूट टिकली. ह्या काळात टिळक अहमदनगरास राहू लागले होते. ते पत्रे पाठवीत, कविता करून पाठवीत, भेटीस येत. लक्ष्मीबाई रागावत, रडत, आणि उत्तरही देत. टिळकांनी एक गोष्ट मात्र केली नाही. पत्नीने ख्रिस्ती व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. शेवटी त्या त्यांच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा आपले सोवळे घेऊनच आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते सर्व चालू दिले. पुढे दिवसामागून दिवस गेले. ज्यांच्या सावलीसही भ्यावयाचे अशा लोकांची दुःखे लक्ष्मीबाईंनी जवळून पाहिली, आणि जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे हे त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. पतीच्या धाकाने त्यांनी एक पाऊलही टाकले नव्हते, म्हणून ते पाऊल पुढे कधी मागे फिरले नाही.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. घरातील एकाने प्रभूचा स्वीकार केला आणि बाकीचे मागे राहिले, असे प्रसंग आपल्या गावांत नेहमी येतात. अशा वेळी मागे राहिलेल्यांस आडमुठे म्हणणे सोपे असते. टिळकांच्या घराने दाखविले की मागे राहिलेल्या माणसाचे अश्रू खरे असतात, आणि त्यास लागेल तितका वेळ देणे हाही धर्मच आहे. टिळकांचा निर्णय खरा होता असे आम्ही मानतो; तरी त्या निर्णयाचे मोल लक्ष्मीबाईंनीही भरले, हे विसरून टिळकांची स्तुती करणे न्यायाचे होणार नाही.

लक्ष्मीबाई घरी आल्या त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, देशावर भयंकर दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यास त्याची झळ फार लागली. टिळकांच्या घरची मिळकत तुटपुंजी. तरीही निराधार मुले त्यांच्या घरी येत गेली व वाढत गेली. टिळक दारातून मुले घेऊन येत, आणि त्यांच्या पोटात काय घालावे ही चिंता लक्ष्मीबाई करीत. प्लेगच्या साथीतही लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान शाळेत टिळक भावी पाळकांस शिकवीत. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली.

आता त्यांच्या गीतांविषयी. टिळकांपूर्वी मराठी मंडळ्यांत गीते नव्हती असे नाही. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्या भक्तांनी देशी चालींवर पदे व कीर्तने रचिली होती, आणि त्यांचे उपकार आहेतच. तथापि पुष्कळ गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत व इंग्रजी सुरावर म्हटली जात. त्यांत अडचण अशी होई की इंग्रजी कविता शब्दावरील आघातावर चालते आणि आपली कविता लघुगुरूंवर किंवा अक्षरांच्या मोजणीवर चालते. इंग्रजी सूर जेथे लांबतो तेथे मराठी शब्दाचे ऱ्हस्व अक्षर येई. मग ते ओढून ताणून दीर्घ करावे लागे. शब्द कानास विचित्र लागे आणि अर्थ हरवून जाई. शहरातील शिकलेली मंडळी पेटीच्या साथीने ते निभावून नेत. खेड्यातील अशिक्षित म्हातारीस ते कसे पेलावे?

टिळकांनी ह्यावर घरचाच उपाय केला. आईच्या तोंडून ऐकलेले अभंग, ओव्या व पदे ह्यांचे साचे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. मोठ्या अभंगाचे गणित किती सोपे आहे ते पाहा. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळलेले. लिहिता न येणाऱ्या माणसाच्याही हे ध्यानात राहते, कारण ह्या मातीत शतकानुशतके ते गाइले गेले आहे. जात्यावर दळताना बायका ओवी म्हणत. आमच्या भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठ खुडणाऱ्या बायांसही अभंग म्हणण्यास पेटी लागत नाही की पुस्तक लागत नाही. टाळ असला तर उत्तम, नसला तरी टाळी आहेच. आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो ते तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची भावना होती आणि ते ती लपवीत नसत. ह्या भक्तिपर रचनांचा त्यांचा संग्रह अभंगांजली ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

ह्यामुळे काही भाविकांच्या मनात शंका येई. हिंदू संतांची चाल ख्रिस्ती मंदिरात चालेल काय? टिळकांनी ह्या शंकेचे उत्तर वादाने न देता गीतांनी दिले. ज्यांनी ती गाइली त्यांस ख्रिस्त परका वाटेनासा झाला. आपला प्रभू आपल्या बोलीत, आपल्या तालात, आपल्या अंगणात आला, असा अनुभव मंडळ्यांस आला. ती गीते आज शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिली आहेत, ह्यापेक्षा दुसरा पुरावा तो कोणता?

टिळक केवळ मंदिराचे कवी नव्हते. केशवसुत हे त्यांचे समकालीन; मराठी कवितेस नवे वळण देणाऱ्या त्या पिढीत टिळकांचे स्थान मानाचे आहे. राजे व युद्धे सोडून त्यांनी रानातले फूल, घरातले मूल, पत्नी, बाप, पाखरू ह्यांजवर कविता केल्या. वनवासी फूल ही त्यांची दीर्घ कविता प्रसिद्ध आहे. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पाखराच्या दुःखावरील केवढे हे क्रौर्य ही कविता शाळेतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाठ केली. ती म्हणणाऱ्या हजारो मुलांस कवी कोणत्या धर्माचा हे ठाऊकही नसेल, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

१९०७ साली जळगावास कवींचे संमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या कवितेने सर्वांस थक्क केले व त्यास बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी ह्या मुलातील दैवी देणगी ओळखून त्यास आपल्या नगरच्या घरी आणले, त्याच्या कवितेस उत्तेजन दिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलासारखे वागविले. ठोमरे हे ब्राह्मणाचे मूल. ख्रिस्ती घरात राहिले, वाढले, रुसले, हसले, आणि हिंदूच राहिले. आपल्या धर्मात आल्यावाचून प्रेम करावयाचे नाही, असा त्या घराचा कायदा नव्हता.

१९१२ पासून टिळक ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. हे पत्र १८४२ साली अहमदनगरास निघालेले. त्यात टिळकांनी कविता, लेख, चरित्रे, देशाविषयीचे विचार असे नाना प्रकारचे लिखाण केले. पत्र केवळ मिशनच्या कंपौंडात न राहता इतर समाजाच्याही वाचनात यावे, ही त्यांची खटपट होती. ह्याच काळात ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरील ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या हाती होते. १९०९ साली त्यांनी ते आरंभिले होते, परंतु दहा-अकरा अध्यायांपलीकडे ते जाऊ शकले नाही.

त्यांच्या मनात एक विचार अनेक वर्षे घोळत होता. ख्रिस्ती मंडळी परदेशी मिशनच्या पैशावर व हुकमावर चालते, तोवर हिंदी लोकांस ख्रिस्त हा साहेबांचा देव वाटणार. मिशनरी लोकांशी त्यांचे भांडण नव्हते. त्यांत त्यांचे जिवलग मित्र होते. परंतु पगारी नोकराच्या शब्दास संन्याशाच्या शब्दाचे वजन ह्या देशात येत नाही, हे ते जाणून होते. शेवटी १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार ह्या नावाची एक संस्था मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, जातीचा व पंथाचा भेद तेथे नसावा, अशी त्यांची योजना होती.

ही योजना पुरी करण्यास आयुष्य उरले नाही. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी ठोमरे जळगावजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून वारले. वय अवघे सत्तावीस. हा घाव ताजा असतानाच टिळकांची प्रकृती ढासळली. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईस जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. देवाचा दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहू शकला नाही. महाकाव्य अपुरे, संस्था अपुरी, घरी शिल्लक काहीच नाही, असा तो शेवट होता. जगाच्या हिशेबाने पाहिले तर ह्या आयुष्याची बेरीज शून्यच म्हणावी लागेल.

परंतु जे पती सोडून गेला ते पत्नीने उचलले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरे त्यांस पतीने शिकविली, व तीही कसोशीनेच. अशा ह्या बाईने पतीचे महाकाव्य पुढे चालविले व साठांहून अधिक अध्याय लिहून जवळजवळ पुरे केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ते प्रकाशित झाले. त्याआधी १९३४ पासून स्मृतिचित्रे ह्या नावाने त्यांचे आत्मचरित्र चार भागांत निघाले, आणि मराठी वाङ्मयात त्यास जे स्थान मिळाले ते फार थोड्या ग्रंथांस मिळाले आहे. साधी, घरगुती, विनोदाने भरलेली भाषा. स्वतःची फजिती सांगताना संकोच नाही, पतीचे दोष सांगताना कडवटपणा नाही. पंडितांनी ज्या पतीस मोठे म्हटले, त्यास त्या बाईने खरे म्हणून जगापुढे उभे केले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

टिळकांच्या अंगी दोष होते. राग अनावर, व्यवहार ढिसाळ, आरंभ मोठा व शेवट अपुरा, असे त्यांजविषयी म्हणता येईल. परंतु खोटेपणा त्यांच्यात नव्हता. जे खरे वाटले त्यासाठी त्यांनी दोनदा सर्वस्व सोडले. एकदा १८९५ साली जात व घर, आणि दुसऱ्यांदा १९१७ साली पगार व सुरक्षितता. पहिल्या वेळी ते ख्रिस्ती झाले म्हणून लोक रागावले. दुसऱ्या वेळी ख्रिस्ती असून ते पूर्ण हिंदी राहू पाहत होते, म्हणून कित्येकांस नवल वाटले. त्यांच्या दृष्टीने ही दोन्ही पावले एकाच वाटेवरची होती. ख्रिस्ताचा स्वीकार करण्यासाठी मनुष्याने आपली भाषा, आपला ताल व आपली माणसे टाकून द्यावी, हे त्यांस कधीही मान्य झाले नाही.

उपदेशक बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. पुढील खेपेस मंडळीत टिळकांचे गीत गावयाचे असेल तेव्हा ते गाण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांची व लक्ष्मीबाईंची हकीकत सांगावी. गीत म्हणताना अक्षरे चेपू नयेत किंवा ताणू नयेत. अभंग अभंगासारखा म्हणावा, टाळावर म्हणावा. आणि आपल्या गावातील एखाद्या म्हातारीस जुन्या चाली येत असतील, तर त्या तिच्याकडून मुलांस शिकवून घ्याव्या. अशा चाली पुस्तकात सापडत नाहीत. ज्यांच्या गळ्यात त्या आहेत त्यांच्याबरोबर त्या निघून जातात. टिळकांच्या आईने आपल्या मुलास चार अभंग ऐकविले नसते, तर आपल्या मंडळ्या आज काय गात असत्या, ह्याचा विचार प्रत्येक घराने करावा.